यू गिनेम आणि दक्षिणेला झुकणारा होला

"थांब, अजून तो सांगतोय."

दिवसातून दहा वेळा यू गिनेमच्या तोंडी हे वाक्य यायचं. पिंजऱ्यासमोर उभं राहून कुणी घाईने बोलायला लागलं, की ती हाताचा पंजा जमिनीकडे दाबून त्याला गप्प करायची आणि हे म्हणायची. मग पक्षी जे काही करत असेल ते संपेपर्यंत ती हलायची नाही. पक्षी कधी चोचीने पिसं विंचरत असे, कधी नुसता डोळे मिटून बसलेला असे. तिच्या लेखी तेही सांगणंच होतं.

ती चुनखडीच्या डोंगरापलीकडची. लग्न होऊन आमच्या करंगसेमुत गावात आली, लवकर विधवा झाली आणि पाठीवर टोपली बांधून पक्ष्यांचा दाणा विकायला लागली. राळे, काळा चिकट तांदूळ, थोडे तीळ. आमच्या भागात घर, बायको आणि पिंजऱ्यात घुमणारा एक होला असल्याशिवाय गडी स्थिरावला असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे तिला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. यू म्हणजे थोरली बहीण. गिनेमपेक्षा वीस पावसाळे जास्त पाहिलेले म्हातारेसुद्धा तिला यू म्हणत, आणि ती त्यांना पोरांसारखं रागावत असे.

मी माडावर चढणारा माणूस. नीरा उतरवतो, तिचा गूळ बायको करते. उजाडताना मी शेंड्यावर असतो, म्हणून गाव मी वरूनच जास्त पाहिलंय. कोरड्या दिवसांत दक्षिणेकडून समुद्राचा वारा येतो, त्यात मीठ असतं. ऊन भातखाचरांवर टेकलं की एकेका अंगणातला बांबूचा खांब जागा होतो. दोरी ओढली जाते आणि पिंजरा हळूहळू वर चढतो, झाडांच्याही वर. असे तीसचाळीस पिंजरे आभाळात टांगले की वाटायचं, दिवसाउजेडी लहान लहान चंद्र उगवलेत. मग एक होला घुमे, दुसरा त्याला उत्तर देई, आणि सगळं गाव स्वप्नात बडबडतंय असा तो आवाज पसरत जाई. त्या आवाजाच्या खालून यू गिनेमचं टोपली बांधायचं हिरवं फडकं या अंगणातून त्या अंगणात सरकत असे. ती कोणत्या खांबाखाली किती वेळ थांबते ते मी बघायचो. जास्त थांबली की समजायचं, त्या घरचा पक्षी बरा नाही.

तिची नजर फक्त पक्ष्यांपुरती नव्हती. नाक्यावरच्या भातवालीची मांजर येणाऱ्याजाणाऱ्याला चावायला लागली, तेव्हा तिला भूत लागलं म्हणून लोकांनी तिच्यावर तांदूळ उधळले होते. यू गिनेम बाकावर बसली, एक अख्खी सकाळ. मांजर माशाकडे जायची, तोंड लावायची आणि मागे सरायची. शेवटी तिने मांजरीला फडक्यात गुंडाळलं, जबडा उघडला आणि भातवालीला म्हणाली, "हे बघ तुझं भूत." मागची दाढ कुजून काळी झाली होती. दाढ काढल्यावर भूत गेलं. भातवालीने तिला मासा देऊ केला. ती म्हणाली, "मला नको, तिला दे. किती दिवस ती नुसता वास घेऊन जगलीय."

माझ्या शेजारच्या कांग रेसोच्या होल्याची गोष्ट मात्र दाढेसारखी सोपी नव्हती. कांग म्हणजे थोरला भाऊ.

कांग रेसोचा एकुलता मुलगा वासिस. लांबच्या समुद्रावर मासेमारी करणाऱ्या परदेशी जहाजावर तो कामाला गेला. जाताना आपला होला बापाच्या हवाली करून गेला. त्या होल्याचं नाव तेम्पे. वासिस शाळेत असताना त्याने आईच्या टोपलीतल्या सोयाबीनच्या वड्या, म्हणजे तेम्पे, एका पारध्याला देऊन तो पक्षी घेतला होता. आईने त्याला बडवलं होतं आणि नावही तिनेच ठेवलं होतं. वासिस रोज त्याला खांबावर चढवायचा, खालून शीळ घालायचा, संध्याकाळी उतरवून त्याच्याशी गप्पा मारायचा. त्याच्या शिळेला तेम्पे इतका घुमायचा, की माडावर माझे हात थांबायचे.

वासिसचं एक पत्र आलं. मग एक वर्ष काही नाही.

त्या वर्षात कांग रेसो बदलला. पोराची वस्तू सांभाळायची म्हणून त्याने पिंजरा खांबावर चढवणं सोडलं. वारा आहे, ससाणा येईल, दोरी तुटेल. आधी तो पिंजरा वळचणीला आला, मग घरात आला. आणि तिथे तेम्पेने ते सुरू केलं. दांडीच्या डाव्या टोकाला जायचं, मान मागे टाकून डोकं पाठीला लावायचं, अर्धा गोल फिरायचं आणि दक्षिणेकडे तोंड करून झुकायचं. परत उजव्या टोकाला. परत डाव्या.

कांगने म्बाह क्रोमोला बोलावलं. गावाचा तो म्बाह, म्हणजे आजोबा, माझा सख्खा मामा. पक्ष्यांची लक्षणं लिहिलेली त्याच्या आजोबांच्या हातची पोथी त्याच्याकडे आहे. शेपटीत पिसं किती, झोपताना तोंड कुठे, घुमतो कोणत्या वेळी, यावरून पक्षी घराला काय देणार ते त्या पोथीत सापडतं. आमच्याकडे त्या पोथीला विचारल्याशिवाय कुणी होला घेत नाही. मामा लबाड नव्हता. त्याने त्या दिवशी चहासुद्धा अर्धाच घेतला.

"हा दक्षिणेला झुकतोय," मामा म्हणाला. "दक्षिणेला काय आहे? समुद्र. समुद्रावर कोण आहे? तुझा पोरगा. हा झुकतोय तोवर तो तरंगतोय असं समज. ह्याला नजर लागू देऊ नकोस, रेसो."

तेव्हापासून तेम्पेचं नाव क्याई सेगोरो झालं, म्हणजे समुद्रमहाराज. पिंजऱ्यावर पिवळं फडकं आलं, पिंजरा आतल्या खोलीत गेला. रोज सकाळी चहाचा पेला संपेपर्यंत कांग रेसो फडक्याचा कोपरा उचलून झुकणं मोजायचा आणि कुडाच्या भिंतीवर कोळशाने तितक्या रेघा ओढायचा. सुरुवातीला वीस असत. मग चाळीस. वर्ष भरत आलं तेव्हा तो कुंपणावरून मला सांगायचा, "सार्दी, आज एक्क्याण्णव. पोरगं खुशीत आहे."

त्याची बायको सुमिंतेन आतून म्हणायची, "माझ्या टाचांना भेगा पडल्यात, त्या पण मोजा एकदा. शंभराच्या वर जातील."

सुमिंतेननेच यू गिनेमला आत बोलावलं. आमचा आठवडा पाच दिवसांचा, आणि यू गिनेम आमच्या गल्लीत पोनच्या दिवशी यायची. कांग रेसो तिच्याकडून ओसरीवरच दाणा घ्यायचा, आत येऊ द्यायचा नाही. त्या पोनला सुमिंतेन म्हणाली, "यू, माझ्याने टोपली उचलवत नाही, आत आणून ठेव." टोपलीत मूठभर राळे होते. कांगला कळलं, पण दारातल्या बाईला हाकलणार कसं. मी नीरेच्या नळकांड्या धुवायला पाणी मागायला आलो होतो, तो मीही तिथेच उभा राहिलो.

यू गिनेम जमिनीवर बसली, पिंजऱ्याकडे पाठ करून.

"फडकं काढ, कांग," ती म्हणाली. "मी बघत नाही. तो मला बघू दे."

"नजर लागते."

"माझी पाठ आहे त्याच्याकडे. पाठीला नजर असती तर मी आत्तापर्यंत श्रीमंत झाले असते."

कांगने फडकं अर्धं सारलं.  यू गिनेम कान देऊन बसली होती. दांडीवर नखं सरकत होती, थांबत होती, सरकत होती. ठरलेल्या तालात, चरख्यासारखी. मग ती हळूच वळली आणि तिने पाहिलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. तेम्पेच्या कपाळावरची पिसं काड्यांना घासून गेली होती. छाती दोन ठिकाणी उघडी. विष्ठा पातळ आणि हिरवी. दांडी एकाच जागी घासून चकचकीत झाली होती, देवळाच्या उंबऱ्यासारखी.

"किती सुंदर झुकतो ना?" कांग कुजबुजला.

"थांब, अजून तो सांगतोय."

तिचं ऐकून झालं तेव्हा चुलीवरचा भात करपला होता. ती म्हणाली, "कांग, मादीला बोलावणारा होला झुकतो तेव्हा शेपूट पसरतो आणि घुमतो. ह्याने शेवटचं घुमणं कधी घुमलं?"

कांगला आठवेना. सुमिंतेन म्हणाली, "ज्या दिवशी आत आणला, त्या दिवसापासून मुका आहे."

"मग हे झुकणं नाही, कांग. ह्याला जायचं आहे आणि जागा नाही, म्हणून हा दोन वितींत चालतोय. डोकं मागे टाकतोय ते आभाळ शोधायला. माझा बाप फणसाच्या चिकाने पक्षी धरायचा. पिंजऱ्यात मी टाकायचे. त्यातले काही असे करायला लागत. बाप ते भाविक पक्षी म्हणून विकायचा आणि लोक दुप्पट खुशीने नेत. पुढे एकही जगलेला मी ऐकला नाही. तेम्पे आजारी आहे. पोटाने नंतर झालाय, आधी मनाने."

"क्याई सेगोरो म्हण."

"ह्याला विचारून ठेवलंत का नाव?" ती म्हणाली. "ऊन दे, वारा दे, दुसऱ्यांचा आवाज कानावर पडू दे. बरा होईल."

कांग रेसोने भिंतीवरच्या रेघांकडे पाहिलं. "बरा होईल म्हणजे काय होईल?"

"झुकायचा थांबेल. पुष्कळसा."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने फडकं ओढून घेतलं. "यू, तू दाणा विकतेस, दाणा विक. माझं पोरगं त्या दांडीवर उभं आहे. तू मला दांडी हलवायला सांगतेस."

ती उठली. टोपलीतून नदीची वाळू, कुटलेले शिंपले आणि समुद्रफेसाचा एक तुकडा काढून तिने ओसरीवर ठेवला. "हे मात्र आत ठेव. भांडण तुझं माझ्याशी आहे, त्याच्या पोटाशी नाही."

गोष्ट गावभर झाली. विहिरीवर माझ्या मामाने तिला गाठलंच. "काय गं गिनेम, तू पोथी वाचलीस का?"

"मला वाचता येत नाही, म्बाह. म्हणून पक्ष्याकडे बघावं लागतं."

बायका हसल्या. मामाही हसला असता, पण त्याला ते जमलं नाही. तो घागर न भरताच घरी आला आणि संध्याकाळपर्यंत पोथीची पानं उलटत बसला. मी विचारलं तर म्हणाला, "वारा येतोय, दार लाव."

पुढच्या पोनला यू गिनेम रेसोच्या ओसरीवर येऊन बसली. दाणा मोजून दिला आणि उठलीच नाही. आत जायला मागितलं नाही, काही सांगितलं नाही. भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे पिंजरा. तिथे बसून ती राळ्यातले खडे वेचत राहिली आणि मधूनमधून तोंडातल्या तोंडात काही गुणगुणली. ऊन पायरीवरून सरकून तिच्या पायावर आलं तेव्हा ती गेली. त्याच्या पुढच्या पोनला तसंच. कांग रेसो तिला हाकलू शकत होता, पण कसा कोण जाणे, तिच्या बसण्यात हाकलण्यासारखं काही सापडायचं नाही. गावातल्या पोनचा तो एक भागच झाला, ढगाची सावली अंगणावरून जाते तसा.

तिसऱ्या पोनला कांग स्वतःच तिच्याजवळ येऊन बसला. सुमिंतेनने दोन चहा आणून ठेवले आणि दाराआड उभी राहिली. मी कुंपणाशी सुंभ वळत होतो.

"रेघा बघू दे," यू गिनेम म्हणाली.

त्याने तिला आत नेलं. भिंत छपरापर्यंत काळी झाली होती. ती लिहितावाचता न येणाऱ्या माणसाच्या सावकाशीने रेघांवरून बोट फिरवत गेली आणि एका ठिकाणी थांबली.

"इथे अकराच आहेत. हा दिवस कुठला?"

कांगने लगेच सांगितलं. त्याला तो दिवस पाठच होता. "छपराची कौलं उतरवली होती बदलायला. त्या दिवशी अकराच झुकला. मी जेवलो नाही. समुद्रात काहीतरी झालं असणार त्या दिवशी."

"कौलं उतरवली म्हणजे ऊन आत आलं."

"आलं असेल."

"पिंजऱ्यावर?"

"हो. फडकं धुवायला टाकलं होतं."

"मग तेम्पे काय करत होता? झुकत नव्हता तेव्हा?"

 कांग रेसोने आपला उजवा हात बाजूला उचलला आणि बोटं पसरली, एका अंगावर किंचित कलला आणि डोळे मिटले. "असा बसला होता," तो म्हणाला. "पंख उघडून. मला वाटलं मरतोय."

साठीचा माणूस, अंधाऱ्या खोलीत एक पंख उघडून उभा. कुणाला हसू आलं नाही.

"ऊन खात होता, कांग," यू गिनेम म्हणाली. "मरताना कुणी इतकं आरामात बसत नाही."

मग ती टोपली उचलून निघून गेली.

दोन दिवसांनी, दुपारी, मी माडावरून उतरलो तर कांग रेसो बुंध्याशी उभा. त्याच्या हातात वासिसचं ते पत्र, घड्या पडून फाटत आलेलं. त्याला वाचता येत नाही. वर्षापूर्वी मीच वाचून दाखवलं होतं.

"परत वाच," तो म्हणाला. "सगळं."

मी वाचलं. सगळ्यांना नमस्कार, आईला औषध घ्यायला सांगा, जेवण बरं आहे. मग ते आलं. "बाबा, झोपायची जागा जहाजाच्या पोटात आहे. खोक्यासारखी. खिडकी नाही. काम नसतं तेव्हा तीन पावलं जातो, वळतो, तीन पावलं येतो. आधी मोजायचो, आता पाय आपोआप मोजतात. काळजी करू नका. तेम्पेला रोज वर चढवत जा. मी इथून त्याची आठवण काढतो, तेव्हा तो आभाळातच दिसतो."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे मी वाचलं होतं आणि त्याने ऐकलंही होतं. पण तेव्हा आम्हा दोघांना त्यातलं फक्त 'काळजी करू नका' ऐकू आलं होतं.

"तीन पावलं," कांग म्हणाला.

"हो, कांग."

"आणि तो तिकडे फिरत असेल, तर कुणी भिंतीवर रेघा ओढून म्हणत असेल का, की बघा, किती खुशीत आहे?"

  त्याने पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि सरळ घरात गेला. बाहेर आला तेव्हा हातात पिंजरा होता, फडक्याशिवाय. सुमिंतेन चुलीवरचं सोडून मागोमाग आली. त्याने जुनी दोरी तपासली, कुजका तुकडा कापून गाठ मारली, कप्पीला खोबरेल लावलं. त्याने दोरी ओढली आणि पिंजरा हेलकावे खात वर गेला. टोकाला पोचल्यावर त्याने दोरी खुंटीला बांधली आणि तिथेच खाली बसला, डोकं गुडघ्यांत घालून. वर बघायची त्याची छाती झाली नाही.

"झुकतोय का?" त्याने विचारलं.

"झुकतोय," सुमिंतेन म्हणाली. "तुम्ही श्वास घ्या."

आणि खरंच तो झुकत होता. डावं टोक, मान मागे, अर्धा गोल. पण आता मागे टाकलेल्या मानेवर खरंखुरं आभाळ होतं.

पोनला यू गिनेम आली. खांब बघून तिने टोपलीतून चिंचेची एक वाकडीतिकडी फांदी काढली. "ही दांडी घाल. गुळगुळीत काठीवर पाय झोपतात. त्याला रोज वेगळ्या जागी उभं राहायचा विचार करू दे." मग म्हणाली, "लगेच थांबणार नाही, कांग. वर्षभराची पायवाट आहे. थोडं झुकणं त्याच्या अंगात मरेपर्यंत राहील. तेवढं त्याचं त्याला राहू दे."

ते दिवस मला आठवतात ते धुक्यातून पाहिल्यासारखे. समुद्राचा वारा, पतंगांच्या शेपट्या, खाचरातलं पाणी आटत चाललेलं. कांग रेसो सकाळी खांबाखाली बसे, कोळसा हातात. सत्तर. पन्नास. एकवीस. आकडा उतरेल तसा तो वाळत चालला. एका सकाळी तो मला म्हणाला, "सार्दी, मी माझ्या हाताने त्याला बुडवत तर नाही ना?" तरी दोरी ओढायची त्याने एक दिवसही चुकवली नाही. माणूस धाडसी असतो तो असा, गडगडाट न करता, हे मी तेव्हा शिकलो.

तेम्पेच्या कपाळावर कोवळी पिसं फुटली, करड्या काट्यांसारखी. तो वाळूत चोच घालायला लागला. एकदा त्याने दोन्ही पंख उघडून वाऱ्याला अंग दिलं.

आणि मग तो पोन उजाडला. मी शेंड्यावर होतो. गाव घुमत होतं. त्या घुमण्यात मला एक जुना आवाज ऐकू आला, खालच्या सुराचा, मध्येच अडखळणारा. माझे हात थांबले. पलीकडच्या अंगणातल्या होल्याने त्याला उत्तर दिलं. पुन्हा तो आवाज आला, या वेळी अडखळला नाही. रेसोच्या खांबावरून.

मी उतरून गेलो तर अंगणात सगळेच उभे होते. सुमिंतेन पदराने तोंड दाबून रडत होती. माझा मामा वाटेवर थबकला होता, कानामागे हात धरून. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "पोथीत झुकणारा जो आहे, तो घुमत झुकणारा आहे. मी ते घाईत वाचलं." आणि काठी टेकत निघून गेला.

यू गिनेम पायरीवर बसली होती. कांग रेसो तिच्यासमोर. चहा केव्हाच संपला होता आणि कोळसा त्याच्या हातात तसाच होता. भिंतीवर त्या दिवसाची एकही रेघ नव्हती.

"एकदाही झुकला नाही," तो म्हणाला.

"हो."

"आता मी काय बघू, यू? वर्षभर सकाळी उठून मला कळत होतं पोरगं आहे. खोटं असेल, पण कळत होतं. आता मला काहीच कळत नाही."

यू गिनेमने वर पाहिलं. पक्षी घुमत होता. "थांब" म्हणेल असं मला वाटलं, पण ती म्हणाली नाही.

"पोराची वाट तू बघ, कांग," ती म्हणाली. "तू बाप आहेस. ते काम त्याच्याकडून करून घेऊ नकोस. त्याच्या पायात तेवढं बळ नाही."

"वाट बघून काय होतं?"

"वाट बघणारा माणूस विचारायला जातो. बंदराच्या गावात ती कचेरी आहे ना, जिथून जहाजाची माणसं पाठवतात? किती वेळा गेलास?"

 हळूहळू कांग रेसोच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. "एकदाही नाही," तो म्हणाला. "रोज ह्याला विचारत होतो. माणसांना विचारलंच नाही."

"त्यांनी जे सांगितलं असतं ते ह्याच्यासारखं गोड नसतं म्हणून," दाराआडून सुमिंतेन म्हणाली. आवाजात टोमणा होता, पण ती आत जाऊन आली तेव्हा तिच्या हातात त्याचा इस्त्रीचा सदरा होता आणि केळीच्या पानात बांधलेला भात. "दोघांचा बांधलाय. मी पण येतेय. माझंही पोरगं आहे."

कांगने कोळसा चुलीत टाकला. सदरा घालून पत्र खिशात ठेवलं. मग मला म्हणाला, "सार्दी, आम्ही येईपर्यंत ह्याला संध्याकाळी उतरव. आणि थोडी शीळ घाल. तुला वासिससारखी जमणार नाही, पण घाल."

"क्याई सेगोरोला?" मी विचारलं.

"तेम्पेला," तो म्हणाला.

यू गिनेमने टोपली पाठीवर घेतली, हिरव्या फडक्याची गाठ छातीवर घट्ट केली. त्यांना बसच्या नाक्याकडे जायचं होतं, तिला नदीकडच्या गावात. तिने निरोप म्हणून काही सांगितलं नाही, भविष्य वर्तवलं नाही, सगळं बरं होईल असंही म्हणाली नाही. खांबाखालून जाताना मात्र एक क्षण थांबली, मान वर न करता, नुसते कान देऊन. मग चालू लागली.

माझ्या दोन नळकांड्या शेंड्यावरच राहिल्या होत्या, म्हणून मी परत माडावर चढलो. वरून मला दोन्ही वाटा दिसत होत्या. एकीवर ती दोघं, कांग पुढे आणि सुमिंतेन मागे, मग सुमिंतेन पुढे. दुसरीवर ते हिरवं फडकं, भाताच्या खुंटांमधून, बांधाबांधाने, न थांबता. कांग रेसो वळणावर उभा राहून एकदा त्या फडक्याकडे बघत होता, हात कपाळावर धरून. ती बांबूच्या बेटाआड गेली तेव्हा तोही निघाला. त्यानंतर तिच्या वाटेकडे तोंड करून बघणारे आम्ही दोघंच उरलो, माझ्या माडावर मी आणि त्याच्या खांबावर तेम्पे.